रास, ओघ आणि दरड

बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावी खळ्यावर ज्वारी ओतली असता तिची शंकूसारखी रास होते. वरून दाणे पडत राहिले म्हणजे राशीची उंची वाढते. उतार मात्र एका मर्यादेपलीकडे जात नाही, जादा दाणे घरंगळून पायथ्याशी येतात. या मर्यादेस विश्रामकोन म्हणतात. सूक्ष्मपणे पाहता येथे कोन दोन आहेत: ओघ सुरू होण्याचा किंचित मोठा, तो थांबण्याचा किंचित लहान. उतार या दोहोंच्या दरम्यान असेल तर स्थिर दिसणाऱ्या राशीस लहानसा धक्काही पुरतो.

‘ओघ’ हा शब्द पाण्यावरून घेतलेला असल्यामुळे थोडा फसवा आहे. पाणी उतारावर स्वस्थ राहूच शकत नाही. दाण्यांचा थर राहतो, कारण त्यांस आवरून धरणारे घर्षण वरच्या भारानुसार वाढते. खडबडीत उतारावर काचेच्या मण्यांचे प्रयोग करून पुलिकेन यांनी १९९९ साली दाखविले की, उतार तोच असता जाड थर वाहतो आणि पातळ थर थांबतो. पुढे जोप, फोर्टेर व पुलिकेन यांनी २००६ साली अशा दाट ओघाचे व्यापक सूत्र मांडले. त्याचा गाभा दोन काळांच्या तुलनेत आहे: खालच्या कणावरून एक कण पुढे सरकण्यास लागणारा काळ, आणि वरच्या दाबाने तो खळगीत बसण्यास लागणारा काळ. घर्षण या गुणोत्तरावर अवलंबून असते. ठराविक उतारावर जाड थरात हे गुणोत्तर पृष्ठापासून तळापर्यंत जवळजवळ सारखे राहते. म्हणून थराची जाडी दुप्पट झाली की पृष्ठाचा वेग सुमारे २.८ पट होतो. काकवीचा तो चौपट झाला असता.

हे सारे कोरड्या कणांविषयी झाले. पावसाचे पाणी मातीच्या रंध्रांत साठून त्याचा दाब वाढला म्हणजे भाराचा काही अंश पाणीच पेलते. कणाकणांतील दाब घटतो व त्याबरोबर घर्षणही. उतार न बदलता डोंगर सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अशाच भिजल्या मातीखाली गाडले गेले व दीडशेच्या आसपास माणसे दगावली. आपण त्यास ‘दरड कोसळली’ म्हणतो. दरड म्हटली की तुटका कडा डोळ्यांपुढे येतो. ‘भूस्खलन’ हा पारिभाषिक शब्द घसरण्यापाशी थांबतो. वाहणे दोहोंतूनही निसटते. धोंडा गडगडतो, मुरूम घसरतो, दाणे घरंगळतात इतका बारकावा ज्या भाषेत आहे तिच्यात ही उणीव खटकते, कारण दरडीच्या भयाने मनुष्य वरचा कातळ न्याहाळतो. घरामागच्या उतारावरील भेगा व एकाएकी गढूळ झालेला झरा त्याच्या ध्यानी येत नाही. पाण्याचा नि धुळीचा ‘लोट’ आपल्याकडे रूढच आहे. मातीचा लोट म्हणण्यास हरकत नसावी.