शिडाच्या नौकेचे कप्तानपद : पाच दिवसांचा पाठ
ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘डे स्किपर’ हा अभ्यासक्रम प्रत्यक्ष पाण्यावर 5 दिवसांचा असून, त्यासाठी येणाऱ्याच्या गाठीशी 100 सागरी मैलांचा (एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर) प्रवास व रात्रीच्या नौकानयनाचे 4 तास असावेत, अशी अपेक्षा असते. इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि वाइट बेट यांमधील सोलेंट ही सामुद्रधुनी या शिक्षणासाठी उत्तम, किंबहुना काहीशी निष्ठुर शाळा होय. साउदॅम्प्टनला एकाच भरतीत पाणी दोनदा माथा गाठते, तर हर्स्टच्या चिंचोळ्या मुखाशी प्रवाह इतका जोर धरतो की, मंद वाऱ्यात अवेळी निघालेली नौका शिडे भरलेली असूनही जागची हलत नाही. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वाऱ्यातून फिरवून दिशा बदलणे तुलनेने सोपे असते. मागची बाजू वाऱ्यातून नेताना मात्र शिडाच्या तळाची आडवी दांडी, म्हणजे बूम, सपकन पलीकडे झेपावते, म्हणून शिडाचा दोर आधी आत ओढून मगच सुकाणू वळवावे लागते. माणूस पाण्यात पडल्याचा सराव बहुधा फेंडरला, म्हणजे धक्क्याला घासू नये म्हणून नौकेच्या कडेला टांगायच्या फुग्याला, बादली बांधून करतात. त्या वेळी एक जण त्याच्याकडे सतत बोट रोखून उभा राहतो, कारण लाटांत नजर एकदा हटली की तो पुन्हा सापडणे कठीण असते.