हॅट उलटी करून बघा

जुनी फेल्ट हॅट हातात आली की माणूस आधी आरशाकडे जातो. खरी माहिती हॅटच्या आत असते. या छंदातले बरेचसे गैरसमज आत न डोकावल्यामुळेच टिकून आहेत.

फेल्ट म्हणजे लोकर, हा त्यातला पहिला. लोकरीचं फेल्ट असतंच; पण स्टेटसन किंवा बोर्सालिनो या कंपन्यांच्या ज्या जुन्या हॅटसाठी शौकीन जीव टाकतात, त्या सशाच्या नाहीतर बीव्हरच्या कातडीलगतच्या मऊ केसांच्या. त्यात सूत नाही, वीण नाही. ओल, उष्णता आणि दाब यांनी केस एकमेकांत अडकतात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की आटून जाड होतो, तसेच. हे फेल्ट पातळ असूनही घट्ट, त्यामुळे एका सरीने हॅट वाया जात नाही. पाणी झटकायचं, आतली चामड्याची पट्टी बाहेर वळवून हॅट तिच्यावर उभी करायची आणि सावकाश वाळू द्यायची. हेअर ड्रायर लावलात तर चामडं आखडतं.

आतल्या शिक्क्यावरचे ‘एक्स’ मोजून भाव ठरवणारेही भेटतात. पण तीन एक्स म्हणजे बीव्हरचे केस किती, याचं सर्व कंपन्यांना लागू असं माप कधीच नव्हतं. शिवाय काळाबरोबर हे आकडे फुगत गेले, त्यामुळे जुनी ३एक्स आजच्या बऱ्याच मोठ्या आकड्याला भारी पडू शकते. वर्षाचंही तसंच. बोर्सालिनो १८५७ साली इटलीतल्या अलेस्सांद्रियात सुरू झाली, म्हणून ‘१८५७’ छापलेली हॅट त्या सालची होत नाही! (विकणारा तसं सुचवणारच.) अमेरिकन हॅट असेल तर पट्टी हलकेच उचला. मागे कामगार संघटनेचं छोटं कागदी लेबल सापडतं. त्यावर हॅटबरोबर कॅप आणि मिलिनरी कामगारांचंही नाव असेल, तर हॅट १९३४ नंतरची. त्या वर्षी त्या संघटना एक झाल्या.

जुन्या हॅटमधल्या पाऱ्याविषयी दोन टोकं आहेत. कुणी त्याचा धोका दंतकथा समजतं, कुणी जुन्या हॅटला हातच लावत नाही. सशाचे केस नीट गुंतावेत म्हणून कातड्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचं पाणी लावत. वाफेने भरलेल्या कारखान्यांत तो पारा श्वासावाटे कामगारांच्या शरीरात जाई. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीत हात थरथरणं हा जणू धंद्याचाच भाग झाला होता. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये थांबली. संग्रहालयांतल्या जुन्या हॅटमध्ये आजही पारा सापडतो. कारखान्यातल्या कामगाराचा धोका हॅट घालणाऱ्याला नसतो, तरी फार जुन्या हॅटला बंद खोलीत वाफ देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी शपथविधीला हॅट न घालता हॅटची फॅशनच संपवली, ही गोष्ट तर सोडूनच द्या. २० जानेवारी १९६१च्या शपथविधीला त्यांनी उंच रेशमी हॅट आणली होती. भाषणापुरती काढली इतकंच. हॅटचा खप त्याआधीपासूनच घसरत होता.

आपल्याकडच्या जुन्या फोटोंतली साहेबी टोपी पुष्कळदा फेल्टची नसतेच; ती शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाची सोला हॅट. भगतसिंगांच्या १९२९च्या दिल्लीतल्या प्रसिद्ध फोटोत मात्र फेल्टच आहे.

मापाच्या चिठ्ठीवर विसंबू नका. ७ १/८ म्हणजे साधारण ५७ सेंटीमीटर, पण पट्टी वर्षानुवर्षं आकसलेली असते. आतून टेप फिरवा. सैल असेल तर पट्टीमागे कागदाची घडी चालते. घट्ट हॅट ताणायला गेलात तर सुकलेलं चामडं फाटतं. आणि सिनेमातल्यासारखी पुढच्या चिमटीत धरून काढू नका. जुन्या हॅट नेमक्या तिथेच चिरतात.