वॉर्डांतून परतलेली मुलगी

आमच्या आप्तांपैकीं एक मुलगी लातुरास परिचर्येच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षांत आहे. गेल्या दिवाळींत ती घरीं आली असतां, फराळाच्या वेळीं एकाएकीं म्हणाली, "काकू, हें काम मला जमायचें नाहीं. औषध दिल्यावर तें बरोबर दिलें कीं नाहीं, हें पाहावयास मी चारदां माघारीं जातें." घरांतील वडीलधाऱ्यांनीं तात्काळ निकाल दिला: "मन लावून कर, म्हणजे जमेल!"

हा निकाल मला पटला नाहीं. लातूर हें परीक्षेंतील गुणांचें गांव. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक महाराष्ट्रभर आहे. वैद्यकीय प्रवेश हुकलेली मुलगी परिचर्येकडे वळली, कीं "डॉक्टर व्हावयाची राहिली" असेंच तिच्याविषयीं बोललें जातें. रमाबाई रानडे यांनीं पुण्याच्या सेवासदनांतून स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण देवविलें, त्या काळीं आपल्या समाजानें नाकें मुरडलीं होतीं. आतां नाकें मुरडत नाहींत, कींव करतात, इतकाच फरक! वॉर्डांत पाऊल टाकण्यापूर्वींच न्यूनतेचें बीं आपणच पेरून ठेवतों.

पण सारा दोष मनाच्या माथीं मारतां यावयाचा नाहीं. लातुराशेजारच्या नांदेडचेंच पाहा. तेथील विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भकें होतीं. मुंबई उच्च न्यायालयानें त्याची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, खाटांहून अधिक रुग्ण, या सर्वांची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. परंतु त्या रात्रीं पाळण्यांपाशीं उभ्या असलेल्या परिचारिकांच्या गळ्याखालीं दुसऱ्या दिवशीं घांस कसा उतरला असेल, हें कोणी विचारलें?

अध्यापन-रुग्णालयांत तीन रुग्णांमागें एक परिचारिका असावी, असें भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाण आहे. प्रत्यक्ष स्थिति, कोणत्याही सरकारी इस्पितळांत नातलगाच्या उशाशीं एक रात्र काढलेल्या माणसास सांगावयास नको. मे २०२२ मध्यें राज्यांतील परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हां रुग्णांचे हाल झाल्याची हाकाटी झाली. या बायका कशानें इतक्या टेकीस आल्या, याची विचारपूस थोड्यांनींच केली.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं या अवस्थेची, जिला आपण 'करपून जाणें' म्हणूं, तीन लक्षणें नमूद केलीं: शक्तिपात, कामाविषयीं विटाळलेलें मन, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं ही भावना. शिवाय हा रोग नसून कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे, असेंही बजाविलें. तिसरें लक्षण वाचतांना मला आमच्या मुलीचेच शब्द आठवले.

आणि घर? रात्रपाळी करून आलेली सून नऊ वाजतां अंथरुणावर पडली, कीं इकडे कुकरची शिटी, देवघरांतील घंटा, पाहुण्यांची हांक, वर "दिवसाढवळ्या झोपते!" हा आहेर. मुलगा रात्रपाळीहून आला, तर तेंच घर चिडीचूप होतें.

ती लातुरास परत निघाली त्या सकाळीं सासूबाईंनीं तिला विचारलें, "तुझ्या वॉर्डांत खाटा किती ग?"

"अडतीस. रात्रीं एक सिस्टर आणि आम्ही दोघी शिकाऊ."

सासूबाई क्षणभर कांहीं बोलल्या नाहींत. मग चकल्यांचा डबा तिच्या पिशवींत घालीत म्हणाल्या, "पुढच्या वेळीं आलीस, कीं आधीं माडीवर जाऊन झोप. घंटा मी हळूच वाजवीन."