फिट आली? चप्पल नको, वेळ बघा!

मागच्या गणपतीत लालबागला आमच्या चाळीत आरती चालू होती. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा अचानक कोसळला, हातपाय झटके द्यायला लागले. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात चमचा घालायला धावलं. मी नुसती बघत उभी!

नंतर कळलं, हे सगळंच चुकीचं. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं. चमच्याने मात्र दात तुटू शकतो. करायचं काय? गर्दी हटवा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, दाबून धरू नका. मोबाइलवर वेळ बघा. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा लागोपाठ दुसरी आली, तर लगेच १०८ लावा. आमच्याकडे परळचं वाडिया, १९२९ पासूनचं खास मुलांचं हॉस्पिटल, जवळच आहे.

मुलगा शुद्धीवर आल्यावर त्याची आई पहिलं काय म्हणाली? ‘‘कुणाला सांगू नका हं.’’ एपिलेप्सी असलेल्यांच्या लग्नाआड येणारी हिंदू विवाह कायद्यातली अट १९९९ मध्येच निघाली. आपल्या डोक्यातून अजून निघायचीये. खरं तर नियमित औषधांनी दहातल्या सुमारे सात जणांच्या फिट्स आटोक्यात येतात.

तो मुलगा आता गोळ्या घेतो, शाळेत जातो, चाळीत क्रिकेट खेळतो. यंदा आरतीला झांजा त्याच्याच हातात हव्यात!