लहान घरांतील लेखनाची जागा

लेखनासाठीं स्वतंत्र खोली लाभणें हें फार थोड्या गृहस्थांच्या नशिबीं असतें. नवी मुंबईंत तर ती अपेक्षा धरणेंच व्यर्थ. 17 मार्च 1970 रोजीं सिडकोची स्थापना झाली व मुंबईची दाटी कमी व्हावी म्हणून खाडीपलीकडे हें शहर वसूं लागलें. रुंद रस्ते मिळाले, बागा मिळाल्या. पण सामान्य कुटुंबाच्या वांट्यास आलेल्या घरांत बहुधा एक किंवा दोनच खोल्या असतात. मार्च 2020 मध्यें टाळेबंदी पुकारली गेली तेव्हां कचेरी आणि शाळा दोन्ही एकदमच या खोल्यांत शिरल्या. घरांतलें एकुलतें एक टेबल मिळवत्या माणसाकडे गेलें, मुलगा पलंगावर ओणवा झाला, आणि जिला शिकवणीच्या वह्या तपासावयाच्या होत्या ती गृहिणी स्वयंपाकाच्या ओट्याशीं उभी राहिली. टाळेबंदी सरली, ही वांटणी मात्र पुष्कळ घरांत तशीच राहिली आहे. तेव्हां थोडक्या पैशांत लिहिण्याची जागा कशी सिद्ध करावी हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं.

पहिला खर्च टेबलावर न करितां प्रकाशावर करावा. दिवसा तो फुकट मिळतो, पण घेण्याची रीत ठाऊक हवी. नवी मुंबई साधारण 19 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचे दिवस सोडले तर येथें माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकींतून येणारा उजेड मऊ व स्थिर असतो. कागदावर ऊन येत नाहीं व लॅपटॉपच्या पडद्यावर चकाकी उठत नाहीं. उजव्या हातानें लिहिणाऱ्यानें खिडकी डावीकडे ठेवावी, डावखुऱ्यानें उजवीकडे. नाहींतर हाताचीच सावली अक्षरावर पडते. लिहिणाऱ्याचें तोंड पूर्वेलाच हवें असा आग्रह कांहीं घरीं असतो. खिडकी पश्चिमेला असली तर असा आग्रही मनुष्य जन्मभर स्वतःच्या सावलींत लिहितो!

खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल बसवून तींत कपडे वाळत घालण्याची चाल या शहरांत सर्रास आहे. कपड्यांना दुसरी जागा नसेल तर निदान दोरी हातभर खालीं घ्यावी. खिडकीचा वरचा भाग मोकळा होतो, आणि खोलींत आंतवर उजेड पोंचतो तो याच भागांतून. रात्रीं बहुधा ट्यूबलाइट पाठीमागें असते व डोक्याची सावली वहीवर येते. येथें पदार्थविज्ञानाचा एक नियम उपयोगी पडतो: लहानसा दिवा निम्म्या अंतरावर आणला तर कागदावरील प्रकाश दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून 9 वॉटचा साधा एलईडी दिवा टोपी घालून कागदापासून दीड-दोन फुटांवर ठेवावा. छताला मोठा दिवा लावण्यापेक्षां हें स्वस्त पडतें, शिवाय बाजूला झोंपलेल्या माणसाच्या डोळ्यांवरही उजेड येत नाहीं.

आतां आसन. खुर्ची-टेबलावांचून लेखन होत नाहीं ही समजूत आपल्याकडे फारशी जुनी नाहीं. पेशवाईंतील कारकून मांडी घालूनच लिहीत. जुन्या पेढ्यांवर मुनिमापुढें उतरत्या झांकणाचें बुटकें डेस्क असे. झांकणावर वही आणि झांकणाखालीं दौत, टांक व कागद. एका खोलीच्या घरास याहून सोईची वस्तु अद्याप निघालेली नाहीं. प्लायवूडच्या तुकड्यांतून सुतार तें सहज करून देतो. लांबी 24 इंच, रुंदी 16 इंच, पुढील कड 10 इंच व मागील 13 इंच उंच धरावी. मात्र फळी कापण्यापूर्वीं लिहिणाऱ्यास मांडी घालून बसवावें आणि त्याच्या कोपराची उंची मोजावी. कड कोपराच्या वर गेली कीं खांदे उचलले जातात, आणि तासाभरांत मान दुखूं लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना खुर्चीच हवी. तेथेंही नियम कोपराचाच, आणि पाय लोंबत असतील तर खालीं पाट द्यावा. दिवसभर लॅपटॉपवर काम असेल तर तो चार जाड पुस्तकांवर चढवून डोळ्यांच्या उंचीस आणावा व वेगळा कीबोर्ड जोडावा. चाकांच्या गुबगुबीत खुर्चीवर हजारों रुपये घालण्यापूर्वीं एवढें करून पाहण्यास हरकत नाहीं.

डेस्क उचलतां येतें हा त्याचा मोठाच गुण. घर भाड्याचें असलें म्हणजे करार बहुधा अकरा महिन्यांचा, आणि भिंतीला खिळा मारण्याचीही चोरी! शिवाय उचलतें डेस्क गॅलरींतही नेतां येतें. थोडक्या जागेंत मोकळें आकाश हीच खोली कशी होते हें चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पज्ञांनीं बेलापुरांत दाखवून दिलें. 1983 ते 1986 या काळांत तेथें उभ्या राहिलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्यें सात सात घरें एका लहान चौकाभोंवतीं मांडलीं आहेत. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र आणि भोंवतीं थोडी मोकळी जागा, म्हणजे ऐपतीप्रमाणें घर वाढवितां यावें. आपल्या हवेंत वर्षाचे कित्येक महिने छपरावांचून बसतां येतें, हें त्यांनीं हिशेबांत धरलें होतें. इमारतींतल्या माणसानें नोव्हेंबर ते मार्चच्या सकाळीं गॅलरींत सतरंजी टाकून पाहावें.

पावसाळ्यांत मात्र गॅलरी विसरावी. शंभर इंचांच्या आसपास पाऊस आणि वारा नैर्ऋत्येचा. त्या बाजूची बाहेरची भिंत ओल धरते. पुस्तकें व कागद तिला टेकवूं नयेत. दोन इंच तरी फट राखावी. डांबराच्या गोळ्या किड्यांना पळवितात, बुरशीला नव्हे. बुरशीला वाराच हवा. प्लास्टिकच्या पिशवींत ओल कोंडते, सुती कापडांतून ती निघून जाते. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतले कागद रुमालांत बांधलेले असतात. जुनें धुतलेलें धोतर घरच्या कागदांना त्याच कामीं येतें. फडताळ विकत घेण्याचेंही कारण नाहीं. हापुसच्या हंगामांत वाशीच्या घाऊक बाजारांतून घरोघर आलेल्या लाकडी पेट्या जूनमध्यें टाकून दिल्या जातात. त्यांचे वर आलेले खिळे ठोकावेत, कुसळें पॉलिशपेपरनें घासावीत, आणि ऊन मिळेल तेव्हां दोन दिवस कडक तापवून आडव्या रचाव्यात. उभ्या रचल्या तर तळ वांकतो.

शोभेचा खर्च शेवटीं, आणि तोही नाममात्र. पेट्यांच्या तोंडाला खणाचा उरलेला तुकडा पडद्यासारखा लावावा. मागच्या भिंतीला, घरमालकाची हरकत नसल्यास, पांढऱ्या रंगाचा एक हात द्यावा, उजेडही वाढतो. गेरूच्या रंगाच्या कागदावर तांदळाच्या पिठानें काढलेलें एखादें वारली चित्र घरचें मूलच काढूं शकेल. याहून अधिक कांहीं टांगूं नये. तें पुसण्यांतच लिहिण्याचा वेळ जातो.

एक गोष्ट मात्र बाजारांत मिळत नाहीं. त्या कोपऱ्याचे तास घरांत ठरवून वांटावे लागतात, आणि तिचा तास चालू असतां गृहिणीला चहा मागावयाचा नाहीं हेंही त्यांत ठरवावें लागतें. वांटणी कागदावर लिहून झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावी. डेस्क उघडणाऱ्यास ती दिसते.