आधी तार पाहा

परंड्यासारख्या गावीही आता घरात संगणक आला आहे. तारेतून येणारे इंटरनेट मंदावले, की लोक म्हणतात, "यंत्र बिघडले, नवे घ्या!" आम्ही म्हणतो, जरा थांबा.

तारेच्या एका टोकाला संगणकाचे नेटवर्क कार्ड असते, दुसऱ्याला राउटर. दोघे मिळून वेग ठरवतात : १०, १०० किंवा १०००. बैलजोडीची चाल जुळावी, तसेच हे. एकाला हाताने वेग बांधून दिला आणि दुसरा मोकळा राहिला, तर ओढाताण होते. म्हणून दोन्हीकडे 'आपोआप' ठेवावे.

तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात. १००० ला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. एखादी तुटली, की वेग उतरतो.

लिनक्सवर 'ईथटूल' हा हुकूम दिला, की वेगाचा आकडा दिसतो. तो कमी असेल, तर आधी तार बदलून पाहावी. आपल्याला आता आकडा वाचता येतो. मग उगाच पैसे का घालवायचे?