मामा ठणठणीत, भाच्याला कावीळ!

बाळंतपणासाठी लेक माहेरी आली की आजी ट्रंक उघडते. मऊ सुती लुगड्यांची दुपटी, झबली-टोपडी बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा तो ओळखीचा वासही. या कौतुकात धोका असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. पण एखाद्या बाळाला त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे तीव्र कावीळ होऊ शकते. कारण त्याच्या तांबड्या रक्तपेशींत ‘जी-सिक्स-पीडी’ हे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच कमी असते.

गंमत अशी की, हीच उणीव आईकडून आलेली असल्याने मामाच्या रक्तातही असू शकते. आणि मामा तर चाळिशी उलटली तरी ठणठणीत! असे का?

हे विकर म्हणजे पेशीचा पहारेकरी. लोखंड गंजावे तशी पेशीची होणारी झीज ते रोखते. रोजच्या जगण्यात ही झीज थोडी असते. तेवढ्याला अपुरा पहाराही पुरतो. हल्ला मोठा झाला की मात्र पेशी फुटू लागतात. काही औषधे, जंतुसंसर्ग किंवा भूमध्य सागराकडच्या देशांत खाल्ल्या जाणाऱ्या बाकल्याच्या शेंगा हे असे हल्लेखोर. हिवतापावरील प्रायमाक्वीन काहींनाच का बाधते, याचे उत्तर अमेरिकी संशोधकांना १९५६ मध्ये या विकरातच सापडले.

शिवाय उणीव सर्वांत सारखी नसते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; वय वाढते तसे तिच्यातले विकर घटते. सौम्य प्रकारात म्हाताऱ्या पेशीच तेवढ्या फुटतात, तरुण पेशी तग धरतात. या विकराचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे अशी दोन गुणसूत्रे असल्याने तिच्या काही पेशी सदोष, तर काही निर्दोष असतात. म्हणून त्रास बहुधा पुरुषांना होतो. मात्र सगळ्याच स्त्रिया सुटतात असे नाही.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही उणीव आहे. हिवतापाच्या प्रदेशांत ती जास्त, कारण ती गंभीर हिवतापापासून थोडे संरक्षणही देते! आपल्याकडे पारशी समाजात तिचे प्रमाण अधिक आढळले आहे.

घाबरण्याचे कारण नाही. रक्ताची साधी तपासणी पुरते. उणीव निघाली तर कोणतेही औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना ती आठवणीने सांगावी. लघवी अचानक गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर वेळ दवडू नये. आणि आजींनी दुपट्यांत डांबराच्या गोळ्या ठेवूच नयेत. स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवावीत. माया तीच राहील, वास तेवढा जाईल.